जाळ्यात कासव निपचित सापडलं तर काय करायचं? आणि जाळं कापल्याचे पैसे खरंच मिळतात का?

हर्णैची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझं माहेर हर्णै. भावाची दोन सिलिंडरची होडी आहे आणि मोठ्या आसाची (मोठ्या भोकांची) तंगूसची, म्हणजे पातळ नायलॉन धाग्याची जाळी. सुरमई, घोळ, नशीब असेल तर रावस. मला पनवेलला दिलंय, पण बंदरावर आज लिलावात काय भाव निघाला, कोणाला काय लागलं, याची खबर वहिनी रोज फोनवर देतेच.

परवा तिने एक व्हिडिओ पाठवला. रात्री मारलेलं जाळं पहाटे ओढताना कासव आलं. पुढच्या डाव्या पायाला तंगूस इतकी रुतलेली की कातडी पांढरी पडली होती. मान लोंबत होती, डोळे अर्धे मिटलेले, नाकातून पाणी. दादाने सुरी मागवून जाळं कापलं. नवं जाळं होतं हो, याच हंगामाला घेतलेलं. मग खलाशी म्हणाला, "मेलंय." दादाने हात जोडले आणि दोघांनी मिळून ते बाजूने पाण्यात सोडलं. सरळ खाली गेलं.

आता माझी शंका. सोडायच्या आधी खलाशाचा हात त्याच्या शेपटीला लागतो, तेव्हा शेपटी जराशी आत वळल्यासारखी दिसते. चांगली बोटभर बाहेर आलेली शेपटी आहे, म्हणून दिसतं तरी. दादा म्हणतो होडी हलत होती, तुला भास झाला. मला तसं वाटत नाही.

तर, कासव असं निपचित असेल तेव्हा ते मेलंय की नाही हे होडीवर कळतं का? आणि जिवंत असेल तर काय करायचं? दुसरं म्हणजे जाळं कापलं तर सरकार पैसे देतं असं ऐकलंय. दादाचं म्हणणं, "फोटो काढून ऑफिसात गेलो की आधी मलाच विचारतील, कासव तुझ्या जाळ्यात आलंच कसं." वडील म्हणतात कासवं अडकू नयेत म्हणून काहीतरी पिंजरा निघालाय, पण तो ट्रॉलरचा. आमच्यासारख्या जाळीवाल्यांसाठी काही आहे का?

पशुवैद्य_किनारपट्टी

ताई, मी व्हिडिओ पाहिलेला नाही, पण हात लागल्यावर शेपटी वळली असेल तर ते कासव जिवंत होतं. आम्हीही तेच तपासतो. शेपटीला किंवा डोळ्याच्या कडेला बोटाने हलकेच स्पर्श करायचा आणि काही आकसतंय का बघायचं. तुमच्या दादाला दोष देऊ नका. लोंबती मान आणि नाकातलं पाणी बघून कोणीही ते मेलंय असंच म्हणेल.

कासवाला आपल्यासारखीच फुप्फुसं असतात. शांत असताना ते बराच वेळ पाण्याखाली राहू शकतं. पण जाळ्यात अडकलं की धडपडतं, आणि त्या धडपडीत साठवलेला श्वास पटकन संपतो. मग ते बेशुद्ध पडतं. या अवस्थेत परत पाण्यात सोडलं तर डोकं वर काढायची ताकद त्याच्यात नसते, म्हणून ते बुडतं. तेच होडीवर ठेवलं असतं तर कदाचित काही तासांनी चालू लागलं असतं.

ठेवायचं कसं ते नीट सांगतो. पोट खाली, पाठ वर, म्हणजे नेहमी असतं तसंच. उलटं पाडायचं नाही. जुने लोक उलटं करून छातीवर दाबतात, ते तर अजिबात करू नका, त्याने फुप्फुसांवर वजन येतं. मागची बाजू वीतभर उंच करायची, निदान 15 सेंटिमीटर. खाली जाळ्याची गुंडाळी, टायर, काहीही चालेल. त्यामुळे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं. अधूनमधून कवचाची एक कड चार बोटं उचलायची, खाली ठेवायची, मग दुसरी कड. सावलीत ठेवा, पाठीवर आणि पायांवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मात्र उघड्या. पाण्याच्या टाकीत किंवा टबात ठेवू नका, बेशुद्ध कासव वीतभर पाण्यातही बुडतं. उचलताना पाय धरून ओढायचं नाही, कवचाच्या कडांना धरायचं.

वेळ लागतो. कधी चार तास, कधी रात्रभर. 24 तासांत काहीच हालचाल नसेल तर मग मेलं समजा. शुद्धीवर आलं, मान उचलून श्वास घ्यायला लागलं, की इंजिन न्यूट्रलला टाकून, आपलं जाळं पाण्यात नसताना, मागच्या बाजूने हळूच सोडायचं. जखम खोल असेल तर सोडू नका. वनविभागाचा 1926 हा नंबर आहे, त्यावर कळवा.

आणि एक. शेपटी कवचाबाहेर बोटभर आली होती म्हणता, म्हणजे तो बहुधा मोठा नर होता. मादीची शेपटी आखूड असते, कवचाबाहेर जेमतेम दिसते. वेळास, आंजर्ले, केळशीला अंडी घालायला माद्या येतात, त्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. नर अंड्यातून निघून एकदा समुद्रात गेला की पुन्हा सहसा किनाऱ्यावर येतच नाही. त्यामुळे तो माणसाच्या नजरेला पडतो तो असाच, जाळ्यात.

रिकामा_तांडेल_झाई

पोरी, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे, पण होडीवरची गोष्ट मी सांगतो. कारण डॉक्टर काही पहाटे जाळं ओढायला येत नाहीत (साहेब, राग मानू नका).

जाळं ओढताना चार माणसं असतात. दोघं ओढतात, एक मासळी काढतो, एक इंजिनावर. अशात चाळीस किलोचं कासव वर आलं की पहिला विचार येतो तो जाळ्याचा. ते जिवंत असलं तर पाय मारून आणखी फाडणार. मेलं असलं तर सोडवायला वेळ, आणि तोवर पुढचं जाळं पाण्यात मासळी सडवत बसलंय. "वीतभर उंच करून सावलीत ठेवा" म्हणतात, पण छोट्या होडीवर सावली फक्त इंजिनाच्या पेटीमागे, आणि तिथे बर्फाचा खोका. म्हणजे जागा आधीच ठरवून ठेवायला लागते. दादाला सांग, एक जुनं गोणपाट आणि एक फुटका टायर होडीत कायमचा टाकून ठेव. वस्तू समोर असली की माणूस वापरतो. नुसतं ऐकलेलं पहाटे चार वाजता आठवत नाही.

आता भीतीचं. मी उमेदीची वर्षं वेरावळला काढली. आमच्या झाई-बोर्डीकडची, डहाणूकडची पोरं तेव्हा हंगामाला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जायची, अजूनही जातात. तिथे तेव्हा व्हेल शार्क मारायचे. मोठा लोखंडी आकडा, त्याला दोर आणि दोराला रिकामी पिंपं. आकडा लागला की मासा पिंपं ओढत दमायचा. यकृताचं तेल काढून लाकडी बोटींना चोपडायचे, पाणी धरू नये म्हणून. आम्हाला त्यात पाप वगैरे वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. तो मासा कोणाला चावत नाही, तोंड उघडून बारीक जीव गाळून खातो, इतकं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

2001 मध्ये कायद्याने तो वाघाच्या यादीत गेला. कायदा आला म्हणून मारणं कमी झालं, पण जाळ्यात आपोआप येणं थोडंच थांबतं? तेव्हा लोक घाबरून गुपचूप मारून टाकायचे, नाही तर मेलेला सोडून पळायचे. तुझा दादा म्हणतो तीच भीती, "तुझ्या जाळ्यात आलाच कसा." ती भीती कायद्याने गेली नाही. 2004 ला रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी कथेतून सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला कोणी मारतं का. व्हाली, म्हणजे लाडकी, म्हणायला लागले तिला. तुझं इथलं नाव वाचलं आणि हेच आठवलं बघ. वेरावळचे खारवे, म्हणजे तिथले मच्छीमार, कट्टर माणसं, बापूंचा शब्द त्यांनी उचलला. मग वनखातं आणि संस्थावाले बंदरावर यायला लागले, जाळं कापलं तर भरपाई मिळायला लागली, आणि जाळं कापणारा तांडेल (होडीचा म्होरक्या) बंदरावर मानाने सांगू लागला की आज व्हाली सोडली. त्याआधी जाळं कापणाऱ्याला बाकीचे वेड्यात काढायचे. तेव्हापासून शेकड्यांनी सोडल्या असतील.

म्हणून माझं मत असं की पैसे लागतातच, पण पैशाआधी बंदरावरची इज्जत लागते. हर्णैला एवढा मोठा लिलाव भरतो, हजारो डोळे तिथे. दादाने सोडलेल्या कासवाचा व्हिडिओ वहिनीने फक्त तुलाच का पाठवला? मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला हवा होता.

आणखी एक, हे मात्र धंद्याचं. तुमचं जाळं संध्याकाळी मारून पहाटे ओढतात. तितका वेळ कोणतंच कासव टिकत नाही, अगदी शेवटी-शेवटी अडकलं तरच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवं जोडीला आणि अंड्यांना किनाऱ्याजवळ असतात. त्या दिवसांत आंजर्ले-केळशीसमोर उथळ पाण्यात रात्रीचं जाळं ठेवणं टाळलं, किंवा मध्यरात्री एकदा चाळून बघितलं, तर बराच फरक पडतो. डिझेल जातं, मान्य. पण एक कासव जाळ्याची जी चिंधी करतं, तीही मोजा.

किनाऱ्यावरचा_संशयी

सगळं छान आहे. पण दरवेळी शहाणपण शिकवायचं ते छोट्या होडीवाल्याला. पर्ससीनवाले (मोठं जाळं घेरून अख्खा थवा उचलणारे), दिवे लावून मासळी गोळा करणारे एलईडीवाले, परराज्यातले ट्रॉलर रात्री बारा वाव खोलीच्या आत घुसून जे खरवडून नेतात त्याबद्दल कोणी धागा काढत नाही. आमच्या एका जाळ्यात वर्षात एखादं कासव. ट्रॉलच्या बोकशीत (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत) काय काय येतं ते खलाशांना विचारा.

आणि तो पिंजरा म्हणजे टेड. ट्रॉलच्या गळ्यात तिरकी जाळी बसवतात लोखंडी गजांची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या खिडकीतून बाहेर पडतं. कोचीच्या सिफ्टने (केंद्राची मासेमारी तंत्रज्ञानाची संस्था) आपल्या ट्रॉलना जमेल असा तयार केला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण बोटवाले म्हणतात खिडकीतून मासळी जाते, म्हणून बसवत नाहीत. अमेरिकेने 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी बंद केली ती याच कारणाने. तळ्यातल्या कोळंबीवर मात्र ही बंदी नाही, त्यामुळे मोठ्या व्यापाऱ्यांना काही पडलेलं नाही. भाव पडला तो बंदरावरच्या माणसाचा.

ताई, तुमच्या जाळीला टेडचा उपयोग शून्य.

दिवेवाला_अभ्यासू

जाळीसाठी एक गोष्ट करून पाहिलेली आहे, आपल्याकडे नाही, पेरूत. जाळ्याच्या वरच्या दोराला ठरावीक अंतरावर छोटे हिरवे एलईडी दिवे लावले. कासवाला जाळं दिसतं आणि ते वळतं. तिथे हिरव्या समुद्री कासवांचं अडकणं साठ टक्क्यांहून जास्त घटलं आणि मासळी काही घटली नाही. मेक्सिकोतही असे प्रयोग झालेत.

गंमत अशी की आपल्याकडे एलईडी म्हटलं की लोक काठ्या घेऊन धावतात, आणि बरोबरच आहे. मासळी गोळा करायला जनरेटर लावून जो झगमगाट करतात त्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली. हे दिवे बोटभर बॅटरीचे, मासळी ओढण्यासाठी नाहीतच. पण गस्तीवरच्या माणसाला तुम्ही तो फरक अंधारात कसा समजावणार? मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी विचारल्याशिवाय भावाला लावायला सांगू नका. सोसायटीमार्फत प्रयोग म्हणून मागितलं तर जमू शकेल.

रापणीचो_मालवण

आमच्याकडे रापणीत (किनाऱ्यारसून ओढूच्या जाळ्यात) कासव इला तर हळद-कुंकू लावून, नारळ ठेवून सोडतत. विष्णूचो अवतार तो. रापणीतला कासव बहुतेक जिताच असता, कारण रापण ओढूक तास-दोन तास, रातभर नाय. किनाऱ्यार इला की पाणी कमरेएवढा असतानाच जाळा खाली दाबून बाहेर काढूचा, वाळूत ओढूचा नाय. व्हेल शार्क इलो तर ह्या तर जास्तच सांभाळूचा लागता. पाण्याबाहेर तेच्याच वजनान तो चेपता. शेपटीक दोर बांधून ओढू नकात, जाळा कापून वाट करून दियात.

माका सांगूचा हा सापांबद्दल. कासवाक सगळे हात जोडतत आणि सापाक हातान उचलून फेकतत. आमच्या सिंधुदुर्गात जाळ्यात समुद्री साप खूप येतत. जुनी माणसा म्हणतत की ते चावणत नाय. चावतत! चावल्यावर जास्त दुखणा नाय, म्हणून माणूस गप रवता. थोड्या वेळान अंग आखडता, स्नायू दुखूक लागतत, लघवी काळपट होता, मूत्रपिंडार जाता. आणि आपल्या दवाखान्यातला सापाचा औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसा या चौघांवरचा, समुद्री सापावर ता चालना नाय. तरीय मोठ्या हॉस्पिटलात जावकच होया, तिथे सलाईन, डायलिसिस करून वाचवतत. साप काढूचो तर काठयेन नायतर लांब चिमट्यान. खलाशी नवो असलो तर तेका पयल्या दिवसाक ह्या सांगा.

हर्णैची_माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण दादाला तसंच्या तसं वाचून दाखवलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "टायर आहे माझ्याकडे." तांडेलकाका, व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं त्याने नाही म्हटलं. पुढच्या वेळी जिवंत सोडीन तो टाक म्हणाला. बाबांना सापाचं पटलं नाही, त्यांनी म्हणे हातानेच आयुष्यभर काढलेत. वहिनीने चिमटा आणायचं कबूल केलंय.

पैशांचं मात्र कोणीच नीट सांगितलं नाही.

कागदपत्रांची_ताई_रायगड

मी सांगते. आमच्या गावातल्या लोकांचे अर्ज भरून देते, त्यामुळे खाचखळगे माहीत आहेत.

योजना खरी आहे. 2018 च्या अखेरीस राज्य सरकारने सुरू केली. वन्यजीव कायद्यात संरक्षण असलेला समुद्री जीव, म्हणजे कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क वगैरे, जिवंत सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर नुकसानीप्रमाणे जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. सरसकट 25,000 मिळतात असं समजू नका, जाळं किती कापलं त्यावर ठरतं. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान मिळून ही योजना चालवतात.

"तुझ्या जाळ्यात आलंच कसं" असं विचारतील ही भीती सोडा. योजनाच मुळी चुकून आलेल्या जीवासाठी आहे. गुन्हा आहे तो पकडलेलं कासव ठेवून घेण्यात, विकण्यात, कापण्यात. सोडून दिल्याचा पुरावा तुमच्या बाजूनेच उभा राहतो.

सगळं अडतं ते फोटोवर. लोक कासव पाण्यात गेल्यावर मोबाईल काढतात. जीव जाळ्यात अडकलेला दिसला पाहिजे, जाळं कापताना दिसलं पाहिजे आणि पाण्यात सोडताना दिसलं पाहिजे. एका खलाशाने सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घेतला तर उत्तम, त्यात होडीचा नंबरही एकदा येऊ दे. बंदरावर आल्यावर कापलेलं जाळं फेकू नका, त्याचाही फोटो घ्या. बरोबर होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, आधार, बँक पासबुक. अर्ज मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडे. उशीर न करता द्या, आठवड्याने गेलात तर शंभर प्रश्न. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पैसे हाती यायला वेळ लागतो, ते मी गोड करून सांगणार नाही.

परवाचं कासव तुमच्या दादाने मेलेलं समजून सोडलं, म्हणजे त्या अर्जात थोडी अडचण येईल. पण व्हिडिओत जाळं कापताना दिसतंय ना? मग एकदा विचारायला हरकत नाही.

हर्णैची_माहेरवाशीण

हो, कापताना स्पष्ट दिसतंय, होडीचा नंबर पण. एकच अडचण, परवाना अजून बाबांच्या नावावर आहे आणि बँक खातं दादाचं.

कागदपत्रांची_ताई_रायगड

मग अर्ज बाबांच्या नावाने करा आणि खातंही बाबांचंच द्या. दोन नावं आली की फाईल परत येते. बाबांचं पासबुक चालू आहे का, आधारला जोडलंय का, ते आधी बघा. आणि परवान्याचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते उद्याच करून घ्या, त्याशिवाय अर्ज घेणारच नाहीत.